ही खिडकी कुठल्या घराची?

दिवाळी झाल्यावर पुण्याहून माझी भाची आली होती, सोबत तिच्या दोन मैत्रिणी. तिघींना पणजीतला जुना वाडा, म्हणजे वस्ती, फोंतेन्हास बघायचं होतं. मोबाईलमध्ये लिस्ट तयारच होती, पिवळी भिंत, निळं दार, कोंबड्याची टाइल, मग थराथरांची गोड बेबिंका, मग अँटिकची दुकानं, मग एखादा कॅफे. मावशी तू तिथलीच ना, तूच फिरव आम्हाला, म्हणाली. मी खरंच तिथली. फोंतेन्हासला लागूनच मळा नावाचा भाग आहे, तिथं मारुतीगडाच्या पायथ्याशी आमचं घर, मी तिथं वाढले, पोदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या सायकलच्या आवाजाने उठायची सवय तिथलीच, आणि आता गेली वीस वर्षं मांडवीच्या पलीकडे पर्वरीला फ्लॅटमध्ये राहते. म्हणजे ज्या वाड्याबद्दल मी हे लिहितेय तो सोडून गेलेल्यांपैकी मीही एक आहे, हे आधीच सांगते.

तर फिरता फिरता एका अँटिकच्या दुकानात शिरलो. दुकानाचं नाव सांगत नाही कारण माझं भांडण त्या दुकानाशी नाही, माणूस चांगला होता, पाणी विचारलं, काही घ्या म्हणून मागे लागला नाही. आत शिसवी खुर्च्या, वेताने विणलेल्या बैठकीच्या, माकावहून आलेल्या निळ्या-पांढऱ्या बश्या, पाणी तापवायचं तांब्याचं भाण, पायली-कुडवाची मापं, एक आडोळी सुद्धा, जिच्यावर आमच्या आज्या नारळ कातायच्या. आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक खिडकी, दोन फळ्यांची, शिंपल्यांची.

ज्यांनी ही बघितली नसेल त्यांना सांगते. लाकडी चौकटीत बारीक बारीक पट्ट्या असतात, पट्ट्यांना खाचा, आणि त्या खाचांत तळहाताएवढे चपटे शिंपले चौकोनी कापून एकाखाली एक सरकवलेले. काच महाग होती, मिळत नव्हती त्या काळातली ही युक्ती. ऊन आत येतं पण दुधासारखं होऊन येतं, खोली तापत नाही, आणि बाहेरून जाणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. लहानपणी तापाने आजारी असले की मी त्या खिडकीकडे बघत पडून राहायची, ढग आला की सगळे शिंपले एकदम राखाडी व्हायचे आणि ढग गेला की परत एकेक करून उजळायचे.

दुकानातल्या खिडकीतला एकही शिंपला फुटलेला नव्हता. किंमत विचारली, ३८ हजार म्हणाला. मग विचारलं, कुठली? दक्षिण गोव्यात, साष्टीतल्या एका जुन्या घराची, मॅडम. कुठल्या गावातलं घर? ते त्याला माहीत नव्हतं, माल आणून देणाऱ्याला माहीत. ते घर आहे का पडलं? तेही माहीत नव्हतं. भाचीची मैत्रीण म्हणाली याचं कॉफी टेबल काय सुंदर होईल ना, वर फक्त काच टाकायची. तिचं काही चुकलं नाही, तिला ती वस्तू मनापासून आवडली होती.

आम्ही बाहेर पडलो आणि दोनशे पावलांवर एका घरापाशी मी थांबले. आमची जुनी ओळख, लहानपणापासून मी तिला तीया म्हणजे मावशी म्हणते, आता ऐंशी पार केलीय. तिच्या बैठकीच्या खोलीला अशीच शिंपल्यांची खिडकी आहे, जागेवर आहे, रोज सकाळी उघडतात आणि संध्याकाळी डास यायच्या आधी बंद करतात. त्यातले नऊ शिंपले गेलेत. तिथं तिने कॅलेंडरचा पुठ्ठा कापून बसवलाय, एका पुठ्ठ्यावर अजून मार्च महिन्याच्या तारखा वाचता येतात. सुताराला बोलावलं तर तो म्हणतो सगळं काढून टाकू, स्लायडिंगची खिडकी बसवतो, दोन दिवसांत काम होईल. तीया ऐकत नाही. म्हाका कांच नाका, एवढंच म्हणते.

नवे शिंपले मिळत नाहीत, मिळणारही नाहीत. हा खिडकीचा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, नदीतून काढायला बंदी, आणि ते बरोबरच आहे कारण नाहीतर आतापर्यंत जुवारीच्या तळाशी एकही उरला नसता. म्हणजे गोव्यात आता जेवढे जुने कापलेले शिंपले आहेत तेवढेच आहेत. त्यातला प्रत्येक एकतर कुठल्यातरी खिडकीत आहे, किंवा भंगारात आहे, किंवा दुकानात आहे. आणि एका बाजूला अख्खी खिडकी कॉफी टेबल व्हायची वाट बघतेय, दुसऱ्या बाजूला दोनशे पावलांवर नऊ शिंपल्यांसाठी एक म्हातारी बाई कॅलेंडर कापतेय. ह्या दोन गोष्टींची गाठ घालून देणारं आपल्याकडे कोणीच नाही. ना सरकार ना महापालिका ना हेरिटेजवाले. मला जे म्हणायचंय ते सगळं ह्यातच आहे खरं तर. जुन्या वाड्याचं जपायचं काय, तर वापर. भिंतीचा रंग नाही, फळीवरची वस्तू नाही. जी वस्तू, जे दुकान, जे घर अजून वापरात आहे त्याला आधी मदत गेली पाहिजे, बाकी सगळं त्याच्या मागून. आणि आपण नेमकं उलटं करतोय.

थोडं मागे जाऊन सांगते कारण टूर गाईड जे सांगतात त्यात अर्धंच असतं. फोंतेन्हास म्हणजे छोटे झरे. मळ्यात डोंगराच्या कुशीत फोंते फेनिक्स नावाचा झरा आहे, त्याच्यावरून हे नाव. अठराव्या शतकाच्या शेवटी इथं माडांचं भाट म्हणजे बागायत होतं, मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या एका गोंयकाराचं, लोक त्याला मोस्मीकार म्हणायचे. ओल्ड गोवा रोगराईने ओस पडत गेलं, व्हाईसरॉय १७५९ मध्ये पणजीला आला, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, आणि सरकारी नोकर, कारकून, कारागीर, दुकानदार यांना राहायला जागा लागली तशी ह्या भाटात घरं उभी राहत गेली. म्हणजे हा काही राजवाड्यांचा भाग नव्हे, नोकरदार माणसांचा वाडा. एकाला एक लागून घरं, पुढे जेमतेम दोन माणसं बसतील एवढा बाल्कांव म्हणजे ओटा, मागे विहीर, चिऱ्याच्या भिंती, वर नळे म्हणजे कौलं.

आणि ह्याच वाड्याला लागून मळा, म्हणजे आमचा भाग, वर मारुतीचं देऊळ. फेब्रुवारीत जत्रा भरते तेव्हा खाज्यांचे, म्हणजे जत्रेतल्या गोड खाऊचे, ढीग लागतात, खेळण्यांची दुकानं, भांड्यांची दुकानं, आणि वाड्यावरचे ख्रिश्चन शेजारीही खाजं घ्यायला येतात कारण जत्रेचं खाजं घरात आलंच पाहिजे, कुठल्याही धर्माचं घर असो. आम्ही पोरं सांत सेबास्त्यांवच्या कपेलात, छोट्या चर्चमध्ये, फेस्ताला म्हणजे सणाला जायचो. तिथला क्रूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, राजवाड्यातून आलेला आहे, त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, लहानपणी मला त्याची भीती वाटायची. हे सगळं एकाच गल्लीतलं. त्याला आता 'लॅटिन क्वार्टर' आणि 'मिनी पोर्तुगाल' म्हणून विकतात, त्यात मारुती नाही, खाजं नाही, शिंपी नाही, पसरो म्हणजे किराणा दुकान नाही, मराठी पेपर वाचत तिथंच बाकड्यावर बसणारे आजोबा नाहीत. माझ्या मते तर खरं नुकसान तिथूनच सुरू होतं, कारण जे तुम्ही सांगताना वगळता ते जपताना पण वगळलं जातं.

दुकानांबद्दल बोलते. मी लहान असताना आमच्या अर्ध्या किलोमीटरच्या परिसरात काय काय होतं ते आठवून बघितलं तर, शिंपी दोन, न्हावी, सायकल दुरुस्तीवाला, चप्पल शिवणारा, छोटा छापखाना जिथं लग्नपत्रिका आणि मरणाचे कागद दोन्ही छापायचे, तावेर्न म्हणजे दारूचं छोटं दुकान, पसरो, लाकडाच्या भट्टीची बेकरी, कोळसेवाला. आता त्या जागी काय आहे ते मोजत बसत नाही, तुम्ही जाऊन बघा, बहुतेक ठिकाणी जे विकायला आहे ते तिथं राहणाऱ्या माणसाला रोज लागणारं नाही. फ्रीज मॅग्नेट, अझुलेजोच्या टाइल्स, बुटिक, कॅफे. मला अझुलेजो आवडतात, गोव्यातले कलाकार ते हाताने रंगवतात आणि चांगले रंगवतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण ज्या गल्लीत बटण लावून मिळत नाही, छत्री दुरुस्त होत नाही, संध्याकाळी पाव किलो साखर मिळत नाही तिथं म्हातारा माणूस कसा राहणार सांगा. आणि म्हातारी माणसंच तर उरलीत तिथं.

पावाचं बघा. गोव्यात पाव म्हणजे एक प्रकार नाही, पाव, पोळी, उंडो, कात्रे पाव, कांकण, प्रत्येकाचं वेगळं, पूर्वी सूर म्हणजे माडी घालून पीठ फुगवायचे. पोदेर सकाळ-संध्याकाळ सायकलवर फिरतो. त्याचं गणित साधं आहे, एका गल्लीत चाळीस घरं असतील आणि प्रत्येक घर रोज आठ-दहा पाव घेत असेल तर ती गल्ली त्याला परवडते. त्यातली पंचवीस घरं बंद झाली किंवा होमस्टे झाली तर तो त्या गल्लीत शिरणार नाही, कारण होमस्टेमधला पाहुणा नऊ वाजता उठतो आणि नाश्ता बाहेर करतो. मग उरलेल्या पंधरा घरांना पॅकेटचा ब्रेड. असं करत करत भट्टी बंद पडते. नंतर त्याच भट्टीवर कोणीतरी 'हेरिटेज बेकरी' असा बोर्ड लावून एक पाव तिप्पट भावाला विकेल आणि लोक रांग लावतील, पण तोपर्यंत रोज घेणारं गिऱ्हाईक गेलेलं असेल. टुरिस्टच्या जिवावर एखादा कॅफे चालेल, पण भट्टी रोजच्या गिऱ्हाइकावरच चालते.

म्हणून भाचीला मी आधी चर्च स्क्वेअरच्या बाजूच्या एका जुन्या हॉटेलात नेलं, आपल्या भाजी-पावच्या. तिच्या लिस्टमध्ये ते नव्हतं. तिथं टेबल तुमचं एकट्याचं नसतं, जागा असेल तिथं बसायचं, समोर कोण बसलंय बघायचं नाही. पातळ भाजी, सुकी भाजी, अळसांद्याचं तोणाक म्हणजे चवळीची रस्साभाजी, मिक्स सांगितलं तर पातळ आणि सुकी एकत्र, सोबत पाव नाहीतर पुरी, वर मिरची भजी, आणि गोड हवं तर केळ्याचा बन. आमच्यासमोर कोर्टातले एक वकील बसले होते काळा कोट मांडीवर घेऊन, आणि एक मासेविकणारी बाई बाजार उरकून आलेली. वेटरने दोघांना न विचारता त्यांचं त्यांचं आणून दिलं. पोरी गप्प झाल्या एकदम, आणि मग बाहेर आल्यावर एक जण म्हणाली की इथं कोणी आमच्याकडे बघितलं पण नाही, किती छान. मला हेच हवं होतं त्यांनी बघावं. पणजीचं जुनेपण त्या टेबलावर आहे, अजून चालू आहे, आणि त्याला कोणी हेरिटेज म्हणत नाही म्हणूनच बहुतेक शिल्लक आहे.

बेबिंकाही घेतली, एकतीस जानेवारी रस्त्यावरच्या जुन्या बेकरीतून. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक ओळखीची नोंद, मिळाला, चांगलं झालं. पण बेबिंका म्हणजे काय काम असतं ते टॅगवर लिहिलेलं नसतं. नारळाचा दाट रस, अंड्याचं पिवळं, साखर, थोडा मैदा, तूप, एक थर ओतायचा, वरून निखाऱ्याची आच द्यायची, तो लालसर झाला की वर पुन्हा तूप आणि दुसरा थर, असे सात तरी. मध्ये उठून जाता येत नाही. जी बाई चार तास अशी बसते तिला तिच्या कामाचा दाम मिळाला तर पुढची बाई बसेल, नाहीतर कारखान्यातून व्हॅक्यूम पॅक येईलच, आलंच आहे.

आता कोणी म्हणेल, बाई, एवढं बोलताय पण टुरिझममुळेच तर घरं वाचली ना? हे खरं आहे, मी मान्य करते. फोंतेन्हासमधली काही घरं गेस्टहाऊस झाली म्हणूनच आज उभी आहेत, त्यांच्या मालकांनी जीव ओतून ती दुरुस्त केली, नळे, वासे, जमिनीच्या फरश्या सगळं जिथल्या तिथं ठेवून. काही वर्षं इथं घराघरांत चित्रं लावून आर्ट फेस्टिव्हल भरायचा, लोक स्वतःच्या बैठकीच्या खोल्या उघडून द्यायचे, तेव्हा वाड्याला स्वतःबद्दल अभिमान वाटला होता हे मी डोळ्यांनी बघितलंय. प्रश्न एका गेस्टहाऊसचा नाही. सगळीच घरं गेस्टहाऊस झाली तर काय, हा आहे.

त्याचं उत्तर बघायचं असेल तर कोचीला जा. मटांचेरीचं ज्यू टाऊन. तिथं १५६८ मधलं परदेशी सिनेगॉग आहे, आणि त्याच्याकडे जाणारी एक गल्ली, दोन्ही बाजूंना ज्यूंची घरं. इस्राएल झाल्यावर माणसं हळूहळू निघून गेली, आता बोटावर मोजण्याइतकीही उरली नाहीत. गल्ली मात्र गजबजलेली आहे, दोन्ही बाजूला अँटिकची दुकानं, मसाल्याची दुकानं, सुंदर, अगदी सुंदर. मी गेले होते तेव्हा मला सगळ्यात जास्त काय लागलं तर संध्याकाळी सहा वाजता दुकानांची शटर पडली आणि गल्लीत एकही स्वयंपाकघर नव्हतं जिथून फोडणीचा वास येईल. तिथल्या लोकांना जायला त्यांची स्वतःची कारणं होती, मोठी कारणं होती. आमच्याकडे तसं काही नाही. आमच्याकडे माणसं जातायत ती गळक्या छपरामुळे आणि सह्यांमुळे.

सह्यांचं सांगते कारण गोव्याबाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं. इथं १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, १८७० पासून लागू, वारसा हक्कात मुलगा-मुलगी सारखे, नवरा-बायकोची मालमत्ता बहुतेक ठिकाणी सामाईक. कायदा न्याय्य आहे, मुलींना त्याने जे दिलं ते बाकी देशात फार उशिरा आलं, त्यात मला एक शब्द बदलायचा नाही. पण परिणाम असा की पाच भावंडांचं घर म्हणजे दहा सह्या. एक लिस्बनला, एक टोरांटोला, एक दुबईला, एक वारला त्याची मुलं आणखी तीन. इन्व्हेंतार म्हणजे वारसांच्या वाटणीचं कोर्टातलं काम वर्षानुवर्षं चालतं. तोपर्यंत घराला कुलूप, आणि जुना भाडेकरू असेल तर १९६८ च्या भाडेकायद्याखालचं जुनं भाडं, त्यात मालकाचा रंगाचा खर्च पण निघत नाही, मग तो कशाला नळे परतेल. आणि गोव्याच्या पावसात दोन वर्षं नळे परतले नाहीत की वासा कुजतो, वासा कुजला की भिंतीत पाणी, चिरा पाणी पितो आणि सावकाश सोडतो, त्याला चुन्याचा गिलावा हवा असतो. लोक करतात काय, स्वस्त आणि पटकन म्हणून सिमेंट मारतात, वर प्लास्टिक पेंट, पाणी आतच अडकतं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटून भिंतच भुगा होते. फोटोत ती भिंत डिसेंबरमध्ये झकास दिसते, जुलैत येऊन बघा.

घर असं बंद पडलं की त्यातून सगळ्यात आधी काय बाहेर जातं? घर विकायला दहा सह्या लागतात, पण खुर्ची विकायला एकही नाही. खिडकी काढायला एक सुतार आणि एक टेम्पो. आमच्याच घरात हे झालं. आजी गेल्यावर काकांनी शिसवी पलंग, भाण, आणि माजघराच्या दोन खिडक्या एका फिरत्या माल घेणाऱ्याला दिल्या, भाण तर वजनावर गेलं. काकांना पैशाची गरज होती, छप्पर गळत होतं आणि आम्ही बाकीचे पर्वरीत, मडगावात, पुण्यात, कोणी छपराचे पैसे पाठवले नाहीत. मी पण नाही पाठवले. त्या दुकानातल्या खिडकीपाशी मी एवढा वेळ का उभी राहिले ते भाचीला तेव्हा कळलं नसेल, ती आमची नव्हती, आमच्या चौकटीला निळा रंग होता, पण बघितल्याशिवाय राहवलं नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, १९७६ पासून लागू. त्यात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू तर पुरावस्तू आहेच, पण इमारतीपासून सुटी केलेली कोणतीही जुनी वस्तू हे सुद्धा त्याच व्याख्येत लिहिलेलं आहे. म्हणजे दार, खिडकी, कठडा, कोरलेली तुळई. हस्तलिखितांना पंच्याहत्तर वर्षं. अशा वस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं, आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. कायदा आहे, व्याख्या आहे. नाही काय तर विकताना कोणी विचारत नाही की ही कुठल्या घराची. मला वाटतं गोवा सरकारने एवढं एक तरी करावं, जुन्या घराचा भाग विकणाऱ्या प्रत्येक दुकानात बिलावर गाव, वाडा, आणि घर उभं आहे की पडलंय हे लिहिणं सक्तीचं करावं. प्रामाणिक दुकानदाराला ह्याने काही त्रास नाही, उलट त्याच्या मालाची किंमत वाढेल, कारण ज्या खुर्चीची गोष्ट माहीत आहे तिला घेणारा जास्त देतो. त्रास होईल तो उभं घर रात्रीत सोलणाऱ्याला. आणि तुम्ही-आम्ही घेणाऱ्यांनी पण विचारावं. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात आपण घासाघीस करतो, दहा मिनिटं भाव पाडतो, त्यातलं एक मिनिट हा प्रश्न विचारायला द्यावं.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते, एक गोदाम. जुनी घरं पडतातच, सगळी वाचणार नाहीत, कधी रस्ता रुंद होतो, कधी वारसच पाडतात. पडलेल्या घराची कौलं, वासे, फरश्या, बिजागऱ्या, शिंपले हे सगळं एका जागी महापालिकेने किंवा पुरातत्त्व खात्याने रास्त भावात विकत घ्यावं, नोंद करावी, आणि ज्यांचं जुनं घर उभं आहे आणि दुरुस्त करायचंय त्यांनाच त्याच भावात द्यावं. सजावटीला नाही, कॅफेला नाही. जुन्या मापाची कौलं आज मिळत नाहीत म्हणून लोक पत्रे टाकतात, जुनी बिजागरी मिळत नाही म्हणून अख्खं दार बदलतात. ह्याला म्युझियमएवढा खर्च येत नाही. म्युझियम हवीतच, बाणावलीचं गोवा चित्र बघा, भंगारात गेलेल्या शेतीच्या अवजारांपासून उभं केलेलं, मी प्रत्येक पाहुण्याला तिथं नेते. पण म्युझियममध्ये गेलेली वस्तू परत घरी येत नाही. गोदामातली येईल.

आणि पैसे? पर्यटनाच्या नावाने ह्या वाड्यात जो खर्च होतो तो बहुतेक बाहेरून दिसेल असाच होतो, दिवे, फरसबंदी, फलक. त्यातला काही भाग वर्षाला नळे परतायला आणि चुन्याच्या गिलाव्याला द्या, जो मालक किंवा भाडेकरू तिथं खरंच राहतो त्याला, बंद घराला नाही. राहत्या घराची घरपट्टी कमी करा. भट्टी, शिंपी, पसरो ह्यांच्या भाड्याला थोडा हात द्या. आणि राहत्या घराचं गेस्टहाऊस करायचं लायसन्स देताना आधी त्या गल्लीत राहती घरं किती उरलीत ते मोजा, निम्म्याच्या खाली गेली असतील तर थांबा. मालकांच्या हक्कावर घाला म्हणून लोक ओरडतील. पण शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाईला रात्री झोप मिळण्याचा हक्क कुठं लिहायचा मग, कारण एका घरात बार झाला की त्याचा आवाज पाच घरांत जातो, भिंतीला भिंत आहे तिथं.

फोटोंबद्दल थोडं. आता दारांवर पाट्या लागल्यात, फोटो काढू नका. बाहेरून येणाऱ्यांना त्या पाट्या उद्धट वाटतात. तीयाच्या बाल्कांवात एकदा कोणी लग्नाआधीचं शूट करायला आले, कपडे बदलायला पण तिथंच आडोसा केला, तिला न विचारता. ती आतून बघत होती. हें घर न्हय गो, फोटो काडपाची सुवात जाल्या, म्हणाली मला, म्हणजे हे घर नाही गं, फोटो काढायची जागा झालीय. तेव्हापासून ती संध्याकाळी बाल्कांवात बसत नाही. ज्या बसण्याचा फोटो लोकांना हवा असतो ते बसणंच बंद झालं. नमस्कार करा, विचारा, नाही म्हटलं तर पुढे जा, इतकं साधं आहे. पोरींना मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, एका आजोबांनी तर स्वतःहून दार उघडून आतली विहीर दाखवली.

त्या दिवशी निघताना मी त्या दुकानात परत गेले. अख्खी खिडकी नको, नऊ शिंपले सुटे मिळतील का विचारलं. दुकानदार म्हणाला सुटे काढले तर खिडकीची किंमत जाते, आणि ते त्याच्या बाजूने बरोबर आहे. पण त्याने नंबर घेतला, म्हणाला फुटक्या खिडक्या येतात कधीकधी, आल्या तर कळवतो. अजून फोन आला नाही. पर्वरीत, म्हापशात, डिचोलीत, कुठंही कोणाच्या माळ्यावर जुन्या मोडक्या खिडकीची फळी पडली असेल, पाडलेल्या घराच्या चिऱ्यांत शिंपले दिसले असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी सांगा. बोटाएवढा कोपरा तुटलेला असला तरी चालेल, खाचेत बसतो, सुताराला विचारून ठेवलंय. जूनच्या आधी मिळाले तर बरं, पावसात पुठ्ठा भिजतो आणि तीयाला दर आठवड्याला नवीन कापावा लागतो.